ग्रुप: घरचं कार्य (बडोद्याचा दांडिया बाजार + पुणेकर)

काकू: ओंकारच्या लग्नाचं, मुलीकडच्या गुजराती मंडळींकडून आलेलं रंगांचं कार्ड सगळ्यांनी बघितलं का? मेंदीला हिरवा, हळदीला पिवळा, गरब्याला बायकांना चणियाचोळी आणि पुरुषांना केडियुं (घेरदार अंगरखा), लग्नाला पेस्टल, रिसेप्शनला काळा. माझ्या कपाटात पेस्टल म्हणावं असं एकच आहे, पाहुण्यांच्या खोलीतला पलंगपोस.

मामा: पेस्टल म्हणजे नक्की कुठला रंग?

छकुली: फिक्का, मामा. फिक्का गुलाबी, पिस्ता, आकाशी असे.

मामा: म्हणजे धुऊन धुऊन विटलेला. आहेत माझ्याकडे बरेच.

पुण्याची आत्या: ते सोड. घरच्या कार्यात काळा? हे कुठून काढलं? आपल्याकडे काळं फक्त संक्रांतीला.

छकुली: आत्या, लग्नात नाही गं, रिसेप्शनला आहे. सगळ्यांचे फोटो छान येतात.

पुण्याची आत्या: फोटोतून मला काढून टाका.

माई: (बंडूदादाकडून लिहून घेते आहे) पहिल्या संक्रांतीला नव्या सुनेला काळी साडी आपणच हौसेनं घेतो, हलव्याचे दागिने घालतो. काळ्या रंगाचं वावडं कुणालाच नाही. पण अक्षता पडून चार तास झाले नाहीत तोवर नको, एवढंच माझं म्हणणं. पुढे जे करायचं ते करा.

नवरदेव: रंग फोटोग्राफरनं सुचवलेत. तिच्या आईनं नुसतं पुढे पाठवलं. सक्ती नाहीये कुणावर.

काकू: सक्ती नसते रे, पण एकटीनं निळी साडी नेसून गेलं की प्रत्येक बाई विचारते, 'कार्ड मिळालं नाही का?' त्यापेक्षा सक्ती परवडली.

नाना: १९११ साली दिल्ली दरबार भरला तेव्हा संस्थानिकांनी हिऱ्यामोत्यांनी मढून यायचं असा रिवाज. आपले सयाजीराव महाराज दागिन्यांशिवाय, साध्या पांढऱ्या वेशात, हातात काठी घेऊन पंचम जॉर्ज राजासमोर गेले. एकदा मान लववली आणि पाठ फिरवून चालते झाले. इंग्रजांनी त्यावरून केवढा गहजब केला! तरी महाराज महाराजच राहिले. मी बडोद्याचा माणूस आहे, पाचही कार्यक्रमांना पांढरा सदरा आणि धोतर.

काकू: नाना, वेवाणबेन (आपल्या विहीणबाई) म्हणजे पंचम जॉर्ज नव्हेत. पाठ फिरवू नका म्हणजे झालं.

बंडूदादा: मी पार्टी प्लॉटवर (लग्नाच्या मैदानावर) गाड्या लावणार, बॅगा मोजणार, भटजींना वेळेवर आणणार. वैशाखातली दुपार, पारा चाळिशीच्या वर. मला सुती कुर्ता, रंग तुम्ही सांगाल तो. जरीचं जाकीट मात्र घालणार नाही.

पुण्याची आत्या: वहिनी, मुलगी पांढरी साडी नेसून उभी राहणार असं ऐकलं. खरं का?

काकू: खरंय वन्सं, पण नुसती पांढरी नव्हे. पानेतर म्हणतात त्याला. पांढरं रेशीम आणि लाल काठ. ते मुलीचा मामा देतो. आपल्याकडे पिवळी अष्टपुत्री मामाकडूनच येते ना, तसंच. आणि घरचोळुं द्यायचं असतं सासूनं, म्हणजे मी. लाल बांधणी, त्यावर जरीच्या चौकटी. चौकटी मोजून बारा बाग नाहीतर बावन बाग म्हणतात. वेवाणबेननी सगळं समजावून सांगितलं. पानेतर नेसायचं आणि घरचोळुं डोक्यावरून ओढणीसारखं घ्यायचं. मग मी शालू घ्यायचा की घरचोळुं, यावर दोन रात्री झोप नाही. दोन्ही घेतले तर तिसऱ्या रात्री ह्यांची उडेल.

माई: घरचोळुं घे. शालू ती एकदाच नेसेल. घरचोळुं तिच्या माहेरच्या प्रत्येक कार्यात निघतं. आणि तिच्या मामानं पानेतर आणलंय, तीच आपली अष्टपुत्री समजा. गौरीहराला तेच नेसून बसू दे. मुंडावळ्या आणि हिरवा चुडा आपला. अंतरपाटाच्या पलीकडे कुठल्या रंगाची साडी आहे ते नवऱ्याला तसंही दिसत नाही.

नवरदेव: 😂 माई!

छकुली: माई, एक विचारू? तुझी जांभळी पैठणी मला देशील? मंगळ बाजारापाशी एक जण शिवलेली नऊवारी करून देतो, चड्डीसारखी घालायची की झालं. पाच मिनिटांत तयार.

काकू: कापणार?

पुण्याची आत्या: कापणार???

छकुली: अगं, सगळ्या मैत्रिणी शिवूनच घेतात. मला काष्टा घालता येत नाही.

काकू: हे बघ छकुली. ती येवल्याची आहे, हातमागावरची. पदर उलटा करून बघ, मागे दोरे लोंबत नाहीत. जो मोर पुढे दिसतो तोच मागे दिसतो. यंत्रावरच्या पैठणीचा पदर उलटा केलास तर सगळे दोरे मोकळे दिसतील, कळेल फरक. असली साडी एकदा कात्रीखाली गेली की ती पुन्हा साडी होत नाही, आणि वर्षभरात तुझं माप बदललं की नऊवारीही राहत नाही. शिवायचीच असेल तर बाजारातून साधी नऊवार आण आणि ती काप. माईची हवी असेल तर नेसायला शीक. रविवारी ये, मी आणि माई मिळून शिकवतो. काष्टा नीट बसला की नऊवारी सहावारीपेक्षा जास्त घट्ट राहते. गरबासुद्धा घेता येतो.

माई: देईन मी. मलमलच्या फडक्यात गुंडाळलीय, घडीवर आता चिरा पडायला आल्यात, उलगडून बघावी लागेल. जरीवर अत्तर मारायचं नाही, काळी पडते. आणि ती तुझ्या पणजीचीही होती, सांगून ठेवते.

छकुली: बरं बरं, नाही कापत 🙏

नाना: पडी पटोळे भात, फाटे पण फीटे नहीं. म्हणजे पाटोळ्यावर (गुजरातच्या रेशमी साडीवर) नक्षी एकदा उमटली की कापड फाटेल, पण ती विटणार नाही.

मामा: पाटोळ्याचा विषय कुणी काढला? पाटणचं पाटोळं लाखांत जातं. वहिनींनी आधी सांगितलं नव्हतं!

काकू: कुणी घेत नाहीये. गावाकडच्यासारखी नुसती म्हण टाकली नानांनी. हां, ओंकार, एक राहिलंच. होमासमोर बसताना शेरवानी नको. नायलॉन, पॉलिस्टर असलं काही असेल तर ठिणगीनं वितळून अंगाला चिकटतं. विधींना रेशमी पितांबर आणि उपरणं, शेरवानी वरातीला. तिच्या भावांनाही हे सांग. आणि नाना, तुमचं धोतर त्यामुळे पास.

नाना: मी सांगतच होतो.

नवरदेव: आत्ता बोललो तिच्या आईशी. त्या हसल्या. म्हणाल्या, काळा काढून 'गडद कोणताही' लिहूया, त्यांच्या सासूबाईही काळ्यावरून दोन दिवस रुसल्यात. पेस्टल फक्त तिच्या मैत्रिणींना. घरच्या मोठ्यांनी आपापली कांजीवरम, पैठणी जे असेल ते. गरब्याला मात्र चणियाचोळी हवीच, ते त्यांनी सोडलं नाही.

पुण्याची आत्या: माझ्या वयाला चणियाचोळी?

काकू: वन्सं, तुम्ही फक्त बांधणीची ओढणी घ्या साडीवरून. गोलात कुणी बघत नाही.

मामा: मग मी काल पेस्टल म्हणून पिस्ता कुर्ता घेतला त्याचं काय करू? दुकानदार परत घेत नाही म्हणतो.

काकू: हळदीला घाल. अर्ध्या तासात पिवळाच होईल.