मदत हवी आहे: बेडकाच्या काचपेटीत पाणी साचतंय, वास मारतोय

भुसावळकर११: आठ दिवस झाले, पेटीतली माती नुसता चिखल. खालून कुजक्या अंड्यासारखा वास, मॉस काळं पडलंय, बेडूक खाली उतरत नाही, काचेलाच चिकटून. दिवसातून चारदा फवारतो. अजून काय करू? लवकर सांगा, घरचे पेटी अंगणात काढायला निघालेत.

मनीप्लांट: माती कुठली? खाली काय घातलंय? बेडूक कुठला?

भुसावळकर११: माती शेतातली. खाली खडी आहे.

रावेरचा_केळीवाला: काळी ना? मग झालं भाऊ! कपाशीला बरी ती. ओली झाली की फुगते, पाणी सोडत नाही. खडीवर जाळी टाकली होती का?

भुसावळकर११: जाळी कशाला?

मनीप्लांट: माती खडीत उतरू नये म्हणून. उतरली की फटी बुजतात, तळाला हवा मिळत नाही, मग तो वास. बेडूक कातडीतून पाणी पितो, त्या पाण्यातली घाणही आत घेतो. आधी त्याला वेगळ्या डब्यात काढा. मग सगळं उपसा. तळाला भाजक्या मातीचे गोळे दोन इंच, वर मच्छरदाणीची नायलॉन जाळी, त्यावर धुतलेलं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा.

धुळेकर_भो: एवढा खटाटोप कशाला? ड्रिलने तळाला भोक पाडा, नळी लावा. मी माशांच्या टाकीला पाडलंय.

मनीप्लांट: काच टफन्ड, म्हणजे तापवून कडक केलेली असेल, तर भोक पाडताना चुरा होईल.

धुळेकर_भो: माझी नाही झाली.

मनीप्लांट: तुमची साधी असेल.

सातपुडा_वाट: विहिरीतून धरून आणला असेल तर आधी सोडून या. सरकारने १९८७ मध्ये बेडकांच्या तंगड्यांची निर्यात उगाच बंद केली का?

भुसावळकर११: विकतचा आहे हो. ऑस्ट्रेलियन हिरवा, व्हाइट्स ट्री फ्रॉग. प्रश्न पाण्याचा आहे!

वांगी_भरीत: घरातली झुरळं खाऊ घालू नका, त्यांच्यावर औषध मारलेलं असतं.

मनीप्लांट: हे आधी सांगायचं ना! हा झाडावरचा बेडूक, याला दलदल नको. पाण्याची वाटी ठेवा, संध्याकाळी एकदा फवारा, सकाळपर्यंत वरची माती सुकली पाहिजे. खोलीत कूलर आहे?

भुसावळकर११: दिवसभर चालू. पेटी समोरच आहे.

रावेरचा_केळीवाला: घ्या! कूलरची ओल, वर चार फवारे. बेडूक पाळलाय की भाताचं रोप?

धुळेकर_भो: पण मे महिन्यात भुसावळात एका फवाऱ्यावर भागतं का?

मनीप्लांट: आर्द्रता मोजायचं मीटर लावा, मग भांडा.

भुसावळकर११: ठिबकची बारकी नळी खडीत खुपसून पाणी ओढलं. दीड लिटर निघालं, काळंकुट्ट. पहिला घोट तोंडात गेला. बेडूक आईस्क्रीमच्या डब्यात, ओल्या टिश्यूवर. कोकोपीट भिजवलंय, पिळल्यावर किती थेंब पडायला हवेत?

मनीप्लांट: दोन-चार.

रावेरचा_केळीवाला: एकही नाही. मूठ वळली की बस्स.

धुळेकर_भो: भोक पाडलं असतं तर तोंडात गेलं नसतं.