प्रतिसाद: मोजे घालूनही पाय ठणकतात

मोंढ्यात दिवसभर उभं राहणाऱ्या तुमच्या काकांचे पाय फुगलेल्या शिरांसाठीचे घट्ट दाबाचे मोजे (कॉम्प्रेशन स्टॉकिंग्ज) घालूनही संध्याकाळी ठणकतात, असं तुम्ही लिहिलंय. बहुतेक मोजे घालायची वेळ चुकतेय. फुगलेल्या शिरांतल्या झडपा नीट मिटत नाहीत, उभं राहिलं की रक्त खाली साचतं. म्हणून मोजे सकाळी अंथरुणातून उठण्याआधीच चढवायचे. अंघोळीनंतर घालायचे तर आधी पंधरा मिनिटं पाय छातीपेक्षा उंच ठेवावेत. माप सकाळीच घ्या, घोट्याचं आणि पोटरीचं. वरची कड दुमडली की तिथेच आवळतं आणि खाली सूज वाढते. हे फार जण करतात. तेल रात्री लावा, सकाळी लावलं तर मोजे घसरतात.

परभणी-नांदेडच्या उन्हाळ्यात शिरा आणखी सैलावतात, ठणका वाढतो. गल्ल्यावर उभ्या उभ्याच अधूनमधून वीस वेळा टाचा उचला, पोटरी रक्त वर ढकलते.

साखरेचा त्रास किंवा बिडी-तंबाखू असेल तर मोज्यांआधी पायाच्या धमन्या तपासून घ्या. रक्तपुरवठा कमी असताना घट्ट मोजे घातक. आणि एकच पाय अचानक सुजून दुखला तर चोळू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आत गुठळी असू शकते.