थकवा नेमका कशाचा? : 'डेडपूल अँड वुल्व्हरिन'च्या निमित्ताने अनुभव धागा

'डेडपूल अँड वुल्व्हरिन' जुलै २०२४ मध्ये प्रदर्शित झाला, तेव्हा 'प्रेक्षकांना सुपरहिरोपटांचा वीट आला आहे' हे विधान जवळजवळ सिद्धान्तासारखे मांडले जात होते. त्याला आधारही होता. आदल्या नोव्हेंबरात आलेल्या 'द मार्व्हल्स'ने जगभरात सुमारे २० कोटी ६० लाख डॉलर मिळवले आणि मार्व्हल या अमेरिकी चित्रकथा-कंपनीच्या, एकमेकांत गुंफलेल्या सुपरहिरोपटांच्या मालिकेतला तो सर्वांत कमी कमाईचा चित्रपट ठरला. त्याच कथेचा आधीचा भाग, 'कॅप्टन मार्व्हल', २०१९ मध्ये एक अब्ज डॉलरच्या पुढे गेला होता. मग डेडपूल या वाचाळ सुपरहिरोचा हा तिसरा भाग आला, त्याने भर चित्रपटात फॉक्सच्या 'एक्स-मेन' चित्रपटांतल्या वुल्व्हरिनला 'तू अगदी पडत्या काळात आमच्यात आला आहेस' अशा अर्थाचे सुनावले, आणि चित्रपटाने १ अब्ज ३० कोटी डॉलरहून अधिक गल्ला जमवला. थकलेला प्रेक्षक स्वतःच्याच थकव्यावरची थट्टा ऐकायला एवढ्या संख्येने कसा काय गेला, हे कोडे मला अजून सुटलेले नाही.

माझा अनुभव असा. ओसाड माळावर ट्वेंटिएथ सेंचुरी फॉक्सचे भलेमोठे बोधचिन्ह अर्धे गाडले गेलेले दिसले आणि मी खळखळून हसलो. शेजारी बसलेल्या आत्याने 'काय झाले?' असे विचारले. डिस्नेने मार्च २०१९ मध्ये फॉक्सचा चित्रपट व्यवसाय विकत घेतला, त्यामुळे तिकडचे सगळे सुपरहिरो पोरके झाले, आणि हा माळ म्हणजे त्यांची अडगळीची खोली, एवढे मी कुजबुजत समजावून सांगेपर्यंत पुढचे तीन विनोद होऊन गेले होते. हसण्यासाठी तळटीप लागते, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा जाणवले, आणि ती तळटीप तोंडपाठ असल्याचा थोडा अभिमान आणि बरीचशी लाज वाटली.

म्हणून हा धागा. सुपरहिरोपट चांगले की वाईट यावर मते नकोत. ती भरपूर वाचून झाली आहेत. तुम्हाला नेमक्या कोणत्या चित्रपटात, कोणत्या दृश्यापाशी कंटाळा आला, किंवा सगळे कंटाळले असताना तुम्ही कुठे हसलात, तेवढेच सविस्तर लिहावे, ही विनंती.

* * *

माझ्या बाबतीत ती जागा 'अँट-मॅन अँड द वास्प : क्वांटुमेनिया' (२०२३) ही आहे. २०१५ चा पहिला 'अँट-मॅन' मला अतिशय प्रिय आहे, कारण त्यातली शेवटची हाणामारी एका लहान मुलीच्या खोलीत, खेळण्यातल्या आगगाडीच्या रुळांवर होते. मुंगीएवढ्या झालेल्या नायक-खलनायकांच्या दृष्टीने प्रलय चाललेला असतो आणि कॅमेरा जरा मागे सरकला की प्लास्टिकचे इंजिन हळूच कलंडलेले दिसते. २०१८ च्या भागातही अख्खी इमारत लहान करून चाके लावलेल्या बॅगेसारखी ओढत नेली जाते. हे विनोद चालतात, कारण शेजारी आपल्या ओळखीच्या मापाचे काहीतरी असते.

तिसऱ्या भागात सगळ्यांना क्वांटम विश्वात, म्हणजे अणूहूनही लहान जगात, नेऊन सोडले आहे. तिथे ना रस्ता, ना घर, ना खेळणे. सगळेच अपरिचित, त्यामुळे नायक मोठा झाला काय आणि लहान झाला काय, प्रेक्षकाला फरक कळतच नाही. ज्या पात्राचे एकमेव बलस्थान आकार बदलणे हे आहे, त्याला मापच नसलेल्या जगात धाडण्याची कल्पना कोणाला सुचली असेल? शिवाय ऐकीव गोष्टी धापा टाकत, सगळ्यांचे आवाज स्वतःच काढून सांगणारा नायकाचा मित्र लुईस या भागात नाहीच. मी उत्तरार्धात घड्याळ पाहिले. सुपरहिरोपट पाहताना घड्याळ पाहण्याची ती माझी पहिली वेळ होती.

* * *

धागाकर्त्यांच्या तळटिपेला माझी पुरवणी. 'द मार्व्हल्स' पाहायला जायचे ठरले तेव्हा माझ्या तेरा वर्षांच्या मुलाने मला वेळापत्रक लिहून दिले. तीन नायिकांपैकी मोनिकाला शक्ती कशी मिळाली हे कळण्यासाठी 'वांडाव्हिजन'चे नऊ भाग, कमला कोण हे कळण्यासाठी 'मिस मार्व्हल'चे सहा, आणि 'कॅप्टन मार्व्हल'ची उजळणी. 'आई, नाहीतर तुला काहीच कळणार नाही,' असे त्याने बजावले. चित्रपट १०५ मिनिटांचा आणि त्याची पूर्वतयारी त्याच्या कितीतरी पट! मी 'वांडाव्हिजन' निम्मे पाहिले आणि बाकीच्याला रजा दिली. परीक्षेला अभ्यास न करता बसल्यासारखे वाटत होते.

गंमत अशी की, ज्या दृश्यांना मी पोट धरून हसले, त्यांना या अभ्यासाची काडीचीही गरज नव्हती. तिघींपैकी कोणीही शक्ती वापरली की त्या एकमेकींच्या जागी फेकल्या जातात, आणि त्यामुळे कमलाच्या साध्या नेटक्या घरात परग्रहावरचे योद्धे येऊन आदळतात. तिचे आईवडील जे हाताला लागेल ते घेऊन लढतात. आणि ती माणसे गिळणारी मांजरांची पिल्ले! तेवढ्यापुरता तो चित्रपट निखळ प्रहसन होता. मग कोणीतरी गंभीर चेहऱ्याने मागच्या एखाद्या घटनेचा उल्लेख करी आणि मी मुलाकडे पाही. त्यानेच बाहेर पडताना विचारले की, आता पुढचे सगळे पाहायलाच हवे का. त्याच्या आवाजात उत्सुकता नव्हती, गृहपाठ शिल्लक असल्याचा सूर होता.

* * *

मी थकलेलो नाही. वर्षातून दोन पाहतो, आवडले नाही तर विसरून जातो. सगळेच पाहिले पाहिजे असे कोणी सांगितले आहे?

* * *

मला थकवा म्हणता येणार नाही, दुखावले जाणे म्हणता येईल. वुल्व्हरिनचा मृत्यू दाखवणारा २०१७ चा 'लोगन' मी एकटीने पाहिला होता. शेवटी त्याची मुलगी लॉरा त्याच्या कबरीवरचा क्रूस उपटून तिरका रोवते आणि त्याचा 'एक्स-मेन'मधला 'एक्स' होतो, तिथे मी बराच वेळ रडले, आणि सतरा वर्षे सोबत असलेल्या माणसाला नीट निरोप दिल्याचे समाधान घेऊन घरी आले. 'डेडपूल अँड वुल्व्हरिन'ची सुरुवातच ती कबर खणण्यापासून होते. त्याची हाडे शस्त्रासारखी वापरून नाचत नाचत मारामारी चालते आणि आजूबाजूचे लोक टाळ्या वाजवत होते. विनोद म्हणून तो धाडसी आहे, हे मी मान्य करते. पण माझ्या मनात आले की, ज्या धंद्यात मेलेल्यालाही मरू देत नाहीत, तिथे आपण आपले अश्रू तरी कशाला खर्च करावेत?

मात्र प्रामाणिकपणे सांगायचे तर, पुढे शेकोटीजवळ लॉरा आणि हा दुसऱ्या विश्वातला वुल्व्हरिन बोलत बसतात, त्या दृश्याने मला पुन्हा आत ओढले. तेवढ्यापुरती थट्टा थांबली होती. त्या कबरीसाठी मात्र मी डेडपूलला अजून माफ केलेले नाही.

* * *

मी काही वर्षे दृश्य-परिणामांच्या क्षेत्रात कंपोझिटिंगचे, म्हणजे वेगवेगळे चित्रित तुकडे संगणकावर एका दृश्यात जोडण्याचे, काम केले. ज्या संस्थेत होतो तिचे आणि ज्या चित्रपटांवर होतो त्यांचे नाव घेत नाही. प्रेक्षक ज्याला थकवा म्हणतात तो आमच्या खुर्चीपर्यंत आधीच पोहोचलेला होता, एवढेच सांगायचे आहे.

विनोदी मारधाडपटात एक विशेष अडचण असते. विनोद संकलनात ठरतो आणि शेवटच्या क्षणापर्यंत बदलत राहतो. मुखवट्याआडच्या पात्राचे ओठ दिसत नसल्यामुळे त्याचा संवाद चित्रीकरण संपल्यावरही बदलता येतो. डेडपूलच्या मुखवट्यावरचे डोळे बारीक-मोठे होतात तेसुद्धा संगणकावर घडवलेले असते. लेखकाच्या दृष्टीने ही केवढी सोय! पण नवा संवाद अर्ध्या सेकंदाने लांबला की शॉट लांबतो, मागे उडणारे ढिगारे, धूर, सावल्या हे सगळे पुन्हा करावे लागते. दोन सेकंदांच्या एका शॉटच्या मी तिसाहून अधिक आवृत्त्या केल्या होत्या, आणि अखेर तो चित्रपटातून गाळला गेला. सप्टेंबर २०२३ मध्ये मार्व्हल स्टुडिओजच्या स्वतःच्या दृश्य-परिणाम कर्मचाऱ्यांनी कामगार संघटनेच्या बाजूने एकमताने मतदान केले, ही बातमी वाचून मला जराही नवल वाटले नाही.

आता चित्रपटगृहात मी केसांच्या कडा पाहतो. नायक जग वाचवत असतो आणि मी त्याच्या कानामागे चित्रीकरणातल्या हिरव्या पडद्याची छटा राहिली आहे का ते शोधत असतो.

* * *

'शझॅम! फ्युरी ऑफ द गॉड्स'चे नाव अजून कोणी घेतले नाही, म्हणून लिहितो. २०१९ च्या पहिल्या भागाने सुमारे ३६ कोटी ६० लाख डॉलर मिळवले होते. २०२३ चा हा दुसरा भाग १३ कोटी ४० लाखांच्या आसपास थांबला. मी तो दोन वेळा पाहिला. मुले एका जादूच्या लेखणीला खलिता सांगतात, ती लेखणी मधली बडबड, कुजबुज, खाण्यापिण्याच्या सूचना सगळे जसेच्या तसे उतरवते, आणि हेलन मिरेन देवकन्येच्या पूर्ण गांभीर्याने ते सगळे मोठ्याने वाचते. अशा विनोदाला कसलीही यादी लागत नाही.

पण कंटाळा नाही तरी एक पोकळी जाणवली. जानेवारी २०२३ च्या अखेरीस डीसी स्टुडिओजचे प्रमुख जेम्स गन आणि पीटर सफ्रान यांनी डीसीच्या, म्हणजे मार्व्हलच्या प्रतिस्पर्ध्याच्या, नव्या चित्रपट-विश्वाची घोषणा केली होती आणि हा चित्रपट आला मार्चमध्ये. म्हणजे हे घर पाडायचे ठरले आहे, हे ठाऊक असताना आम्ही गृहप्रवेशाला गेलो होतो. शेवटी वंडर वुमन येऊन मेलेल्या नायकाला उठवते, तेव्हा आमच्या रांगेत कोणी हलले नाही. वर एका आईने लिहिले आहे की मागचे पाहिले पाहिजे याचा भार होतो. मला पुढचे काही नाही याचा झाला.

* * *

चित्रकथा वाचणाऱ्यांना हा रोग जुना आहे. डेडपूल पहिल्यांदा आला तो 'द न्यू म्युटंट्स'च्या ९८ व्या अंकात, १९९१ मध्ये. त्याच वर्षी 'एक्स-मेन'च्या नव्या मालिकेचा पहिला अंक पाच वेगवेगळ्या मुखपृष्ठांसह निघाला आणि त्याच्या ८० लाखांहून अधिक प्रती गेल्या. एकेका माणसाने पाचही घेतल्या, न उघडता जपून ठेवल्या. एका अंकात सुरू झालेली गोष्ट दुसऱ्या तीन मालिकांमधून फिरवून चौथ्यात संपवायची, हीही तेव्हाची रीत. वाचक कंटाळले, साठेबाज पळाले, आणि डिसेंबर १९९६ मध्ये मार्व्हलने दिवाळखोरीचा अर्ज केला. मी तेव्हा वाचणे सोडले होते. परत आलो ते डेडपूलमुळेच, कारण पानाबाहेर पाहून वाचकाशी बोलणारा तो एकटाच 'हे जरा अति होते आहे' असे म्हणत होता. म्हणून चित्रपटातला त्याचा तोच सूर मला ताजा वाटत नाही, ओळखीचा वाटतो.

* * *

धागाकर्त्याच्या आत्यासारखा मीही. 'डेडपूल अँड वुल्व्हरिन'आधी यातला एकही चित्रपट पाहिला नव्हता. मित्राकडे एक तिकीट जास्तीचे होते, म्हणून गेलो. कोणाच्या आगमनाला लोक का ओरडत आहेत ते कळत नव्हते. पण एकाला गप्प बसता येत नाही आणि दुसऱ्याला बोलणे सहन होत नाही, अशा दोघांना एका मोटारीत कोंडले तर काय होईल, हे समजायला कोणती पूर्वपीठिका लागते? बंद मोटारीत ते रात्रभर एकमेकांना भोसकत राहतात, दोघांच्याही जखमा भरून येतात, आणि शेवटी दमून झोपतात. मी इतका हसलो की मित्राला संकोच वाटला.

घरी येऊन २००८ च्या 'आयर्न मॅन'पासून क्रमाने पाहायला घेतले. पाचव्या चित्रपटाला सोडून दिले. ती मोटारीतली मारामारी मात्र अधूनमधून लावतो.