प्रतिसाद: आजोबांच्या ट्रंकेतलं वेब्ली

आजोबांच्या ट्रंकेत सापडलेलं वेब्ली, म्हणजे जुनं ब्रिटिश रिव्हॉल्वर, मुळात कुणाचं हे कसं शोधायचं, असं तुम्ही विचारलंय. आधी एक विनंती. वर कुणीतरी 'ब्रासो लावून चकाचक करा' असं सुचवलंय, ते कृपया करू नका हो! मालकाचा माग लागतो तो त्या गंजाखालच्या अक्षरांवरूनच. कामठीला एका परिचितांकडे वेब्ली मार्क ६ पाहिलं होतं. मुठीच्या मागच्या पट्टीवर टॉर्च तिरपा धरला, तेव्हा सुईने कोरल्यासारखी दोन आद्याक्षरं आणि पलटणीचं आखूड नाव उमटलं. एक फटका पॉलिशचा बसला असता तर सगळं गेलं असतं.

मार्क ६ हे ब्रिटिश फौजेत १९१५ पासूनचं, .४५५ बोअरचं. बाणाची खूण असेल तर ते सरकारी. पण त्या काळी बरेच अधिकारी पिस्तूल स्वतःच्या पैशाने घ्यायचे, म्हणून नुसत्या सरकारी नंबरावर अडून बसू नका. विक्रेत्या दुकानाचं नाव कोरलेलं आहे का बघा. नाव आणि पलटण हाती लागली की 'लंडन गॅझेट' या ब्रिटिश सरकारी राजपत्रात नेमणूक, बढती सापडते. ते ऑनलाइन फुकट आहे. पहिल्या महायुद्धातल्या अधिकाऱ्यांच्या फायली लंडनमध्ये क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत.

आणि लायसन्सचं आधी बघा. १९५९ च्या शस्त्र कायद्यातली सूट फक्त दुरुस्त करूनही न चालणाऱ्या जुन्या शस्त्राला आहे. नुसतं जुनं असून भागत नाही.

पट्टीचा फोटो टाका, तिरप्या उजेडातला. अक्षरं मिळून वाचू.