जावळीच्या पावसात रिव्हॉल्व्हर : ब्ल्यूइंग की स्टेनलेस?

प्रश्न (मेढा, जि. सातारा)
स्वसंरक्षणाच्या परवान्यावर पॉइंट ३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर घ्यायचे आहे. विक्रेत्याने दोन नग दाखवले : एक निळसर काळ्या ब्ल्यूइंगचे, दुसरे स्टेनलेसचे आणि अर्थातच महाग. आमच्याकडे पावसाळ्यात कपाटातल्या कपड्यांनाही बुरशी धरते. अशा हवेत जास्तीचे पैसे मोजावेत, की नियमित तेल लावल्यास ब्ल्यूइंगही टिकते? जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर (कुपवाड, सांगली)
ब्ल्यूइंग हा वरून दिलेला रंग नव्हे. आमच्या एमआयडीसीत यंत्रांच्या सुट्या भागांना ब्लॅकोडायझिंग करतात, तीच ही प्रक्रिया : कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटच्या सुमारे १४० अंश सेल्सिअस तापलेल्या द्रावणात पोलाद बुडवले की पृष्ठभागावरील लोखंडाचेच मॅग्नेटाइट, म्हणजे काळा ऑक्साइड, तयार होते. हा थर अतिशय पातळ आणि सच्छिद्र असल्याने गंज रोखण्याचे खरे काम त्यात मुरलेले तेल करते. स्टेनलेसमध्ये किमान साडेदहा टक्के क्रोमियम असते आणि त्याचा ऑक्साइड ओरखडा पडला तरी हवेत पुन्हा धरतो. मात्र शस्त्रांच्या नळ्यांसाठी वापरले जाणारे ४१६ जातीचे स्टेनलेस स्वयंपाकघरातील ३०४ इतके गंजरोधक नसते. घामातील मिठाने त्यालाही बारीक खड्डे पडतात. तरीही मी स्टेनलेसच सुचवीन. आणि हो, पुढे ब्ल्यूइंग उडाले म्हणून ओळखीच्या प्लेटिंगवाल्याकडे हत्यार नेऊ नये. शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार दुरुस्ती करणाऱ्याकडेही परवाना असावा लागतो.

उत्तर (माजी सैनिक, कोरेगाव)
सैन्यात आम्ही काळी हत्यारेच वापरली आणि ती भर पावसातही टिकली, कारण त्यांच्यावर नेमाने तेलाची चिंधी फिरत असे. घरी ती शिस्त पाळणारे थोडे. शिवाय निवडणुकीची आचारसंहिता लागली की अनेकांना शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करावे लागते. निकाल लागेपर्यंत ते तिथेच पडून राहते आणि त्या काळात आपल्याला तेलाचा हात लावता येत नाही. स्टेनलेसचा खरा फायदा मला इथे दिसतो. चामड्याच्या होल्स्टरमध्ये मात्र कोणतेच हत्यार साठवू नये. चामडे ओल धरते आणि ते कमावताना वापरलेले क्षार धातूला बाधतात.

प्रश्नकर्ता
आभार. स्टेनलेसची चकाकी डोळ्यांत भरते, तेवढीच शंका उरली आहे.

उत्तर (कुपवाड, सांगली)
मॅट फिनिश मागावे. ते घासताना साधा लोखंडी काथ्या वापरू नये. त्याचे कण पृष्ठभागात रुततात आणि तेच आधी गंजतात.