गँबियाने गोट्या सोडाव्यात का?

कोरडवाहू: पश्चिम आफ्रिकेतल्या गँबियाच्या 2022 च्या संसदीय निवडणुकीतही मतदान गोट्यांनीच झालं. उमेदवारागणिक एक पिंप, त्यावर रंग, चिन्ह, फोटो. नळीत गोटी टाकली की आत घंटी वाजते. 1960 च्या दशकात निरक्षर मतदारांसाठी ही सोय उत्तम होती. आता मतपत्रिका आणा. थेट निवडून द्यायच्या जागा 53, वर अपक्षांची गर्दी (12 तर जिंकलेही). समजा 8 उमेदवार आणि 30 केंद्रं, तर एकाच मतदारसंघात 240 पिंपं. रंगवा, सील करा, ट्रकने पोचवा.

ताळेबंद: वाहतुकीचा ताप मान्य. पण घंटी शोभेची नाहीये. एकदा टण्, एक मत. दोनदा वाजली तर खिशातून जादा गोटी आलीय, वाजलीच नाही तर गोटी बाहेर चाललीय. म्हणूनच तळाशी भुसा किंवा वाळू घालतात, नाहीतर गोटीवर गोटी आपटून भलताच आवाज यायचा. केंद्राजवळ सायकलवाल्यांना मज्जावही त्याच घंटीपायी! मोजणीला 200 किंवा 500 खळग्यांचे ट्रे. खळगे भरले की आकडा समोरच. शिक्का दोन रेघांच्या मधे पडला, मत कुणाचं, ही भांडणं तिथे होतच नाहीत.

कोरडवाहू: आपल्याकडेही 1951-52 ला उमेदवारागणिक पेटी होती, विक्रोळीत गोदरेजने लाखो पेट्या बनवल्या. 1957 नंतर आपण ती पद्धत सोडलीच ना?

ताळेबंद: सोडली, पण तुलना चुकतेय. आपली मतपत्रिका कोरी असायची, खूण करायचीच नव्हती. ती पेटीत न टाकता बाहेर नेऊन दलालाला विकली तरी आत कुणाला पत्ता नाही. गोटीची चोरी घंटी न वाजल्याने तिथल्या तिथे कळते.

हातचा_एक: दोघेही पिंपापाशीच अडकलात. 2016 च्या अध्यक्षीय निवडणुकीत गोट्या केंद्रावरच मोजल्या, तिथे काही बिघडलं नाही. चूक झाली वरच्या बेरजेत, बासे भागाच्या आकड्यांत. 5 डिसेंबरला आयोगाने दुरुस्ती केली. विरोधी उमेदवार बॅरो यांची आघाडी घटली, विजय कायम राहिला. पण आधी पराभव मान्य केलेल्या तेव्हाच्या अध्यक्ष जामेह यांनी 9 तारखेला निकालच नाकारला. कागद आणला तरी बेरीज माणसंच करणार. केंद्रावरचा सहीचा तक्ता तिथेच दारावर लावा आणि एक प्रत प्रत्येक पक्षाच्या प्रतिनिधीच्या हातात द्या.

कोरडवाहू: तक्त्याचं पटलं. पण ती 240 पिंपं उचलणार कोण, ते अजून कुणी सांगितलं नाही.