पॅसेंजरमध्ये शांत डबा मागावा का? (वेर्णा–पेडणे)

रातपाळीवाला, पेडणे

वेर्ण्याच्या एका औषध कंपनीत क्यूसीला, म्हणजे दर्जा तपासायला आहे. आठवडाआड रातपाळी. सुटलो की वेर्णा स्टेशनवर पॅसेंजर पकडायची आणि पेडण्याला उतरायचं. बसपेक्षा स्वस्त, पणजीच्या ट्रॅफिकची कटकट नाही, शिवाय खिडकीला डोकं टेकून झोप काढता येते. म्हणजे, यायची.

आता समोरचे काका मोबाईल गुडघ्यावर उभा करून कुठल्यातरी देवळातली आरती लाइव्ह लावतात. पलीकडचा पोरगा रील बघतो. एक संपते, दुसरी लागते, तेच ते खदाखदा हसणं, मग कुणाचं भाषण, मग ढोल. करमळी सोडल्यावर जुन्या गोव्याच्या बोगद्यात रेंज जाते तेव्हा सगळे गप्प. पण बाहेर पडून मांडवीचा पूल यायच्या आत कुणीतरी ‘हॅलो, हॅलो, आयकूं येता मरे?’ म्हणून ओरडतंच.

माणसांच्या बोलण्याबद्दल माझी तक्रार नाही. मासळीवाल्या बाया बांगड्याच्या भावावरून भांडत असल्या तरी मला गाढ झोप लागते. रीलवर लागत नाही, कारण डोळा लागतो न लागतो तोच आवाज बदलतो आणि दचकायला होतं.

अमेरिकेत १९९९ साली फिलाडेल्फियाहून वॉशिंग्टनला पहाटेच्या गाडीने जाणाऱ्या नोकरदारांनीच ॲमट्रॅककडे मोबाईल नसलेला एक डबा मागितला. ‘क्वाएट कार’ तिथून सुरू झाली. आपण मागितली तर कोणी ऐकेल?

स्टेशनबाहेरचा

मागा की. पण कोणाकडे मागायची ते आधी ठरवा. तुमची पेडणे-वेर्णा लाइन कोकण रेल्वेची. वास्को-कुळे दक्षिण पश्चिम रेल्वेची, हुबळी विभाग. एकाने दिलं म्हणून दुसरा देईल असं नाही.

नियम म्हणाल तर आहे. जानेवारी २०२२ मध्ये रेल्वेने सांगितलंय की रात्री दहानंतर मोठ्याने गाणी लावायची नाहीत, फोनवर मोठ्याने बोलायचं नाही, आणि टीटीई, आरपीएफने लोकांना समजवायचं. पण ते रात्रीच्या झोपायच्या गाड्यांसाठी. तुमची गाडी सकाळची आणि बिनारिझर्व्हेशनची. दिवसा उरतं रेल्वे कायदा १९८९ चं कलम १४५. उपद्रव करणाऱ्याला गाडीतून उतरवता येतं, सहा महिन्यांपर्यंत कैद आणि ५०० रुपयांपर्यंत दंड. आता आरती लावली म्हणून काकांवर १४५ कोण लावणार, सांगा! १३९ वर फोन करा, रेलमदतवर टाका. पीएनआर नसला तरी तिकिटावरचा यूटीएस नंबर चालतो. उत्तर येईपर्यंत तुम्ही घरी जेवून झोपलेले असाल.

परत_म्हापशात

मी काही वर्षं हॉलंडमध्ये होतो. तिथल्या इंटरसिटीत ठरावीक भागाच्या काचेवर ‘स्टिल्टे’, म्हणजे शांतता, असं लिहिलेलं असतं. तिकीट तेच, जादा पैसे नाहीत. आणि खरं सांगायचं तर लोक तिथेही बोलतात! फरक एवढाच की काचेकडे बोट दाखवलं की काम होतं. भांडण त्याचं आणि पाटीचं, तुम्ही मोकळे. आपल्याकडे पाटीच नसते, त्यामुळे पहिलं वाक्य येतं, ‘तू कोण सांगणारा?’

जपानात तर वेगळा डबाच लागत नाही. फोन सायलेंटवर टाका, गाडीत फोनवर बोलू नका, ही घोषणा सगळ्यांसाठी.

कोलवाळकर

शांत डबा वगैरे एसीवाल्यांची हौस आहे. तुमच्याच इंडस्ट्रियल इस्टेटमधली झारखंड-ओडिशाची पोरं बघा. एका खोलीत सहा-सात जण, रात्रभर मशीनवर उभे. बोलायला वेळ मिळतो तो गाडीत. परवा एक जण माझ्या शेजारी बसून व्हिडिओ कॉलवर होता. पलीकडे त्याची पोरगी तोंड उघडून नवीन आलेला दात दाखवत होती, कॅमेऱ्याला इतकी चिकटून की स्क्रीनभर नुसती हिरडी. त्याला काय सांगू, काचेवरची पाटी वाच? मुंबईच्या लोकलमध्ये भजनी मंडळं पत्र्यावर ठेका धरतात, त्यांनाही तुम्ही गप्प करणार?

रातपाळीवाला, पेडणे

कोलवाळकर, त्या पोराला मी कधीच काही म्हणणार नाही. घरी फोन करू दे, हिरडी बघू दे. भजनही चालेल, त्याला निदान ताल असतो. मला नको आहे तो स्पीकर लावून चाललेला टाइमपास. म्हणजे मला शांत डबा नकोच म्हणा, बिनस्पीकरची गाडी हवी.

मुंबईत बेस्टने एप्रिल २०२३ मध्ये जवळपास हेच केलं. वेगळी बस नाही, वेगळ्या सीटा नाहीत. हेडफोनशिवाय ऑडिओ-व्हिडिओ लावायचा नाही आणि फोनवर मोठ्याने बोलायचं नाही, एवढंच. त्यातलं पहिलं मिळालं तरी मला पुरे. हेडफोन काही एसीवाल्यांचीच मिरास नाही, मडगावच्या फुटपाथवरही मिळतो.

कुडचड्याची नर्स

अर्ज कराल तेव्हा करा, मी काय करते ते सांगते. मी सावर्डे स्टेशनवर चढते, मडगावला उतरते. ‘बंद कर’ म्हटलं की समोरच्याचा मान दुखावतो आणि तो मुद्दाम वाढवतो. म्हणून मी पोरांना म्हणते, ‘पुता, कितें पळयता? म्हाकाय दाखय.’ (बाळा, काय बघतोस? मलाही दाखव.) दहातले नऊ लाजून आपणच आवाज कमी करतात. एकाने मात्र खरंच दाखवलं. चांदर ते मडगाव मी कुठल्यातरी कसोटीच्या विकेटी बघत बसले, तो वर समजावूनही सांगत होता.

आरतीवाल्या काकांसाठी: ‘काका, आरती झाली, आता प्रसाद काढा.’ हसून म्हणायचं हं. डबाभर लोक हसतात आणि मोबाईल खिशात जातो. पर्यटकांच्या गटाकडे मोठा ब्लूटूथ स्पीकर असेल तर यातलं काही चालत नाही, सरळ डबा बदला.

स्टेशनबाहेरचा

बिनस्पीकरची गाडी म्हणताय तर काम सोपं झालं. वेगळा डबा म्हटलं की रेक, गर्दी, स्टाफ, सगळं निघतं आणि फाइल तिथेच बसते. त्यापेक्षा घोषणा मागा. स्टेशनवर गाडीची घोषणा होतेच, तिला एक वाक्य जोडायचं: मोबाईलचा आवाज हेडफोनवर ऐका. सोबत डब्यात एक स्टिकर. म्हापशाचे म्हणतात तसं, बोट दाखवायला काहीतरी हवं. अर्ज कोकण रेल्वेच्या कारवार विभागाला, प्रत मडगाव स्टेशनला. मराठी, कोकणी, हिंदी, तिन्ही भाषांतलं वाक्य तुम्हीच लिहून द्या. त्यांच्यावर सोपवलंत तर ‘कृपया ध्वनिनिर्मिती टाळावी’ असलं काहीतरी येईल आणि कोणाला कळणार नाही.

रातपाळीवाला, पेडणे

लिहितो. थिवी, करमळीला रोज चढणाऱ्यांच्या सह्या लागतील, कोण गोळा करेल? मी पुढून दुसऱ्या डब्यात असतो, डाव्या खिडकीला. झोपलेला दिसलो तर उठवू नका, कागद बॅगेच्या पुढच्या कप्प्यात आहे, सही करून परत ठेवा.